बल्ब बदलणार कोण?

वाचकहो, प्रत्येक घरात एखादी तरी वस्तू अशी असते, की ती बिघडली आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तिच्याबद्दल बोलायचं नाही हेही सगळ्यांना ठाऊक असतं. आपल्या गोष्टीतल्या आर्किटेक्टच्या घरी ती वस्तू म्हणजे जिन्यावरचा दिवा. घर त्याने स्वतःच आखलेलं. जिन्यावर दोन मजल्यांची मोकळी उंची आणि बरोबर मधोमध छतातून लोंबणारा काचेचा भलामोठा गोळा. घर बांधताना तिथे परांची होती, तिच्यावर उभं राहून कोणीतरी तो लावला. मग परांची उतरली, आणि सात महिन्यांपूर्वी बल्ब गेला.

तेव्हापासून घरातली माणसं मोबाइलच्या उजेडात जिना चढत होती. पाहुण्यांनी विचारलंच तर आर्किटेक्ट म्हणायचा, "प्रकाश मुद्दाम मंद ठेवलाय. वातावरणनिर्मिती!" बायको यावर काही बोलत नसे, कारण लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती.

पण मग सासूबाई पंधरा दिवसांसाठी राहायला आल्या. हाडांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेल्या त्या परिचारिका. माणूस दारातून आत आला, की चेहऱ्याआधी त्या त्याची चाल बघायच्या. शनिवारी संध्याकाळी त्या वातावरणनिर्मितीत त्यांच्या पायाच्या अंगठ्याला जोरात ठेच लागली. रविवारी सकाळी त्यांनी जावयाला न विचारता वायरमनला फोन लावला.

जावई तेव्हा जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसला होता. त्याने एका मोठ्या वाचनालयाचा आराखडा केला होता आणि सोमवारी त्याच्यासोबत धोक्यांचा तक्ता द्यायचा होता. नियम साधा होता. आपल्या आराखड्यामुळे पुढे कोणाच्या जिवाला कुठे धोका होऊ शकतो, ते आराखडा करणाऱ्यानेच आधी लिहून काढायचं आणि जमेल तो धोका रेघ बदलून टाळायचा. आर्किटेक्टची रीत त्याहून साधी होती. जुना तक्ता काढायचा, वरचं इमारतीचं नाव बदलायचं, खाली सही करायची.

सासूबाईंनी चष्मा लावला आणि तक्ता हातात घेतला.

"जावईबापू, वाचनालयात बुडण्याचा धोका कसा काय?"

"तो मागच्या पोहण्याच्या तलावाचा राहिला, आई. खोडतो."

"आणि शेवटच्या रकान्यात सगळीकडे एकच वाक्य? 'कंत्राटदाराने योग्य ती काळजी घ्यावी.'"

"तसंच लिहितात हो. वाचतंय कोण? फाइलला लागतं म्हणून द्यायचं."

"जिन्यावरच्या दिव्यापुढेही तेच आहे."

"तो आपल्याच दिव्यासारखा आहे," आर्किटेक्टचा चेहरा उजळला. "फक्त उंची दुप्पट!"

त्याने कौतुकाने नकाशा पुढे सरकवला. त्यात उंचीचा अंदाज यावा म्हणून इवलीइवली माणसं काढली होती. एक बाई पुस्तक वाचत होती, एक जोडपं गप्पा मारत होतं, आणि एक गृहस्थ तर चक्क छताखाली छत्री उघडून उभे होते. हातात बल्ब घेतलेला मात्र एकही माणूस नव्हता.

तेवढ्यात वायरमन आला. त्याने वर पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून दिली.

"साहेब, हा लावताना पायाखाली परांची असणार. आता बदलताना कशावर उभं राहू?"

"शिडी आहे की!"

"जिन्यावर शिडी? नाही जमणार. परांची बांधा, मग येतो."

"कोपर कधी मोडलं होतं?" सासूबाईंनी मध्येच विचारलं. वायरमन चमकला. त्याचा उजवा हात कोपरातून पुरता सरळ होत नव्हता.

"आठ वर्षं झाली, मावशी. एका हॉटेलच्या जिन्यावरचं झुंबर. असाच जिना."

"त्या नकाशावर धोका लिहिला होता का?"

"आम्हाला नकाशा कोण दाखवतंय?" वायरमन हसला. "आम्हाला शिडी दाखवतात."

आता खरं तर आर्किटेक्टने इथेच शहाणं व्हायचं. पण वायरमनसमोर, सासूबाईंसमोर आणि मुख्य म्हणजे बायकोसमोर माघार घ्यायची म्हणजे काय! "एवढ्याशा बल्बासाठी परांची?" म्हणत त्याने स्वतःच शिडी आणली. तिचा एक पाय पाचव्या पायरीवर, दुसरा चौथीवर. मधला फरक भरून काढायला त्याने चौथीवर बांधकाम नियमावलीचे दोन जाडजूड खंड ठेवले. ते खंड त्या घरात पहिल्यांदाच कामाला आले होते.

"अहो, नका चढू," बायको म्हणाली.

"साहेब, ऐका," म्हणत वायरमनने धावत येऊन शिडी धरली.

साहेब चढले. भिंतीला टेकलेल्या शिडीच्या सहाव्या दांडीवरून दिवा अजून हातभर लांब होता. त्यांनी हात लांब केला, खालचा नियमावलीचा खंड किंचित सरकला, आणि साहेबांनी खाली पाहिलं. झालं! पाचावर धारण बसली. दोन्ही हातांनी त्यांनी शिडीला मिठी मारली.

"उतरा आता," बायको म्हणाली.

"उतरतोय."

पण मिठी काही सुटेना. बायकोने धावत जाऊन तो खंड पायाने दाबून धरला. सासूबाईंनी मात्र आवाज चढवला नाही. घाबरलेल्या पेशंटला बोलतं ठेवायचं, हा त्यांचा जुना शिरस्ता. त्या टेबलावरचा तक्ता घेऊन आल्या आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसल्या.

"जावईबापू, भिंतीकडे बघा. मी विचारते, तुम्ही सांगायचं. एका उत्तराला एक दांडी खाली. रकाना पहिला. धोका कोणता?"

"पडायचा! उंचावरून पडायचा!"

"छान. उतरा एक. कोणाला?"

"मला!"

"वाचनालयातला बल्ब बदलायला तुम्ही जाणार आहात?"

वरून बारीक आवाज आला, "नाही. जो कोणी वायरमन येईल त्याला."

"एक दांडी. कधी?"

"बल्ब जाईल तेव्हा."

"आणि तेव्हा तुमचा तो योग्य ती काळजी घेणारा कंत्राटदार कुठे असेल?"

"तो? तो काम संपवून, परांची घेऊन केव्हाच गेलेला असेल!"

"मग काळजी कोणी घ्यायची?"

आर्किटेक्टने खाली पाहिलं. शिडी धरून उभ्या असलेल्या वायरमनचं ते वाकडं कोपर त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर होतं.

"मी!" तो ओरडला. "मीच घ्यायला हवी! रेघ माझी आहे!"

"उतरा. शेवटचा रकाना. आराखड्यातच टाळता येईल का?"

"येईल! कप्पी लावली तर विहिरीतल्या बादलीसारखा दिवाच खाली आणता येईल! कोणाला वर चढायलाच नको!"

आणि त्याचा पाय पायरीला लागला. बायकोने नियमावलीचे खंड उचलले, झटकले आणि त्याच्या हातात दिले.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "एकतीस वर्षं मीही नोंदवही भरली. नाव, वय, कोणतं हाड, कशावरून पडला. आमची नोंद माणूस पडल्यावर व्हायची, जावईबापू. तुम्हाला ती पडायच्या आधी करायला मिळते. असा कागद मला एकदा जरी मिळाला असता! आणि तुम्ही त्यावर जुना तलाव उतरवून काढता?"

आर्किटेक्टने खुर्ची ओढली आणि वायरमनला म्हणाला, "बसा. ह्या इमारतीत अजून कुठे कुठे चढावं लागेल, ते मला दाखवा."

वायरमन बिचकतच बसला. त्याच्यासमोर नकाशा कोणी पहिल्यांदाच पसरला होता. पण एकदा बोट फिरायला लागलं ते थांबेना. काचेचं छत धुणारा माणूस दोर कुठे अडकवणार? पाण्याची टाकी गच्चीच्या इतकी कडेला कशाला? दुपारपर्यंत चार रेघा खोडल्या गेल्या, छताच्या कडेने दोर अडकवायला कड्या आल्या, बुडण्याचा धोका तक्त्यातून निघाला आणि शेवटच्या रकान्यात एकही ओळ दुसरीसारखी राहिली नाही. जे टाळता येत नव्हतं, ते कोणाला सांगायचं हेही तिथे लिहिलं गेलं.

सगळं झाल्यावर आर्किटेक्टने छत्रीवाल्या गृहस्थांना खोडलं. तिथे त्याने खाली उतरवलेला दिवा काढला आणि त्याच्याशेजारी दोन्ही पाय जमिनीवर टेकून, हात पुढे करून बल्ब बसवणारा एक माणूस काढला.

वायरमनने वाकून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "साहेब, ह्याचं कोपर सरळ आहे."

"हो," आर्किटेक्ट म्हणाला. "ते तसंच राहायला हवं."

बुधवारी घरातही परांची बांधली गेली. दिवा कप्पीवर आला आणि सासूबाई उजेडात जिना उतरल्या.

तर वाचकहो, आपणही कधी ना कधी कोणता तरी तक्ता भरतो आणि शेवटच्या रकान्यात काळजी दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर लिहून मोकळे होतो. सही करण्याआधी एकदा त्या दुसऱ्याला डोळ्यांसमोर उभं करा, आणि तो कशावर उभा आहे ते बघा. रेघ चुकली तर खोडरबर पुरतो. माणूस पडला तर पुरत नाही.