लाँड्रीवालीचा डावा नी-पॅड

मी एक नी-पॅड बोलतोय. डाव्या गुडघ्याचा. वर टणक प्लास्टिकची वाटी, आत स्पंज, मागे दोन पट्टे. एवढाच माझा देह. त्यातला एक पट्टा तुटलाय आणि स्पंजाला असा कुबट वास येतो की माझा मलाच नको होतो. तरी सांगतो, गेल्या काही वर्षांत मला ज्या कागदांच्या शेजारी टेबलावर ठेवलं गेलं, त्यांची मला जास्त किळस आली.

माझा जन्म कारखान्यातला. उजव्या गुडघ्याचा माझा जुळा भाऊ आणि मी एकाच पिशवीत बंद होऊन इराकला पोचलो, अमेरिकी लष्करातल्या सार्जंट पॅडिलाच्या पायदळ तुकडीत. पायदळाची माणसं दिवसभर गुडघ्यावर बसतात. भिंतीआड, दारात, रस्त्याच्या कडेला. ज्याला बसायचं नाही त्याला आमचा काय उपयोग? म्हणून आम्ही लाँड्रीच्या तंबूत कधीच गेलो नसतो. पण शॉना हॅलव्हर्सन तिथे होती.

शॉना बावीस वर्षांची, नेब्रास्काच्या एका लहान गावातली. सैनिकांच्या घामट वर्दीचे ढीग मशीनमध्ये कोंबायचे, हे तिचं काम. पॅडिलाची अडचण वेगळी होती. घरांची झडती घेताना त्याची माणसं तिथल्या बायकांना हात लावू शकत नव्हती. हात लावला की अख्खं गाव पेटायचं. एका सकाळी तो तंबूच्या दारात येऊन उभा राहिला.

"ए लाँड्री, बंदूक चालवता येते ना?"

"येते, सार्जंट. पण मी कपडे धुते."

"ते संध्याकाळी धू. आत्ता चल."

आणि त्याने आम्हा दोघा भावांना तिच्या अंगावर फेकलं. "हे बांध. गुडघ्याला खडे टोचले की ओरडशील, आणि तुझ्या ओरडण्याने आम्ही मरू."

त्या वेळी लष्कराचा नियम होता, बाईला पायदळात नेमायचं नाही. नेमायचं नाही, पण बरोबर न्यायचं! शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तशी शॉना उसनी आणली जायची. उसन्या साखरेची कुणी पावती करत नाही. रोज सकाळी कागदावर ती लाँड्रीत हजर असे, आणि रोज सकाळी मी तिच्या गुडघ्याला बांधलेला एखाद्या परक्या दारात शिरत असे. सगळे अधिकारी हे बघत होते, आणि कागद तयार करणारेही तेच होते.

आत गेल्यावर ती बायकांसमोर गुडघा टेकायची. घोट्यापासून वर चाचपत यायची. त्यांच्या भाषेतले दोनच शब्द तिला यायचे, 'माफ करा'. एक म्हातारी तिच्या तोंडावर थुंकली. शॉनाने बाहीने गाल पुसला आणि संदुकीतले कपडे एकेक करून बाहेर काढले, त्यात त्या म्हातारीच्या मेलेल्या मुलाचा सदराही होता. तो तिने घडी घालून परत ठेवला. म्हातारीने तो पुन्हा उचलून बाहेर भिरकावला. त्या घरांत आमचं स्वागत कधीच झालं नाही, आणि का व्हावं?

एके दिवशी एका घराच्या अंगणात स्फोट झाला. भिंत शॉनाच्या उजव्या अंगावर आली. उपचार करणाऱ्या पोराने माझ्या भावाला कात्रीने टराटरा कापलं आणि बाजूला फेकलं. तो तिथेच राहिला. शॉनाचा उजवा गुडघा खोबऱ्याच्या वाटीसारखा फुटला होता.

आता हे लिहायचं कसं? ती तर तिथे नव्हतीच! मग वरच्या कुण्या साहेबाने लिहिलं, 'लाँड्रीत ओल्या फरशीवरून पाय घसरला.' अहो, लाँड्रीच्या तंबूत फरशी नव्हती. वाळू होती. खोटं बोलायचं तर निदान तंबूत एकदा डोकावून तरी बोलावं!

सेवा संपली तेव्हा सेवामुक्तीच्या कागदांसाठी लांब रांग होती. खिडकीतला कारकून प्रत्येकाला म्हणत होता, "नीट वाचा, मग सही करा." वाचतंय कोण? बाहेर बस उभी, बसच्या पलीकडे आईबाप, पोरंबाळं. त्या रांगेत आजवर कुणी काही वाचलेलं नाही. शॉनानेही सही ठोकली आणि लंगडत बसकडे निघाली. कामाच्या रकान्यात होतं, लाँड्री.

घरी आल्यावर तिने मला गॅरेजच्या फळीवर ठेवलं, रंगाच्या डब्यांमागे. बरीच वर्षं मी तिथे पडून होतो. तिचं लग्न झालं, दोन मुली झाल्या. गुडघा मात्र सुजत गेला. सैनिकांच्या दवाखान्यात डॉक्टरने तपासला, कागद बघितला आणि म्हणाला, "ऑपरेशन लागेल, पण ते आमच्याकडे होणार नाही. लाँड्रीत पाय घसरून गुडघा असा होत नाही. आधी कागद दुरुस्त करून आणा."

म्हणून मी फळीवरून खाली आलो. शॉना मला घेऊन गॉर्डन वीसकडे गेली. हा एकेकाळचा खलाशी, आता तालुक्याच्या कचेरीत जुन्या सैनिकांचे अर्ज भरून देतो. सूर्यफुलाच्या बिया चघळत त्याने मला उचलून बघितलं.

"पोरी, कपडे धुण्यात कमीपणा आहे का गं? एवढं काय त्यात?"

"कमीपणा नाही, गॉर्डन. मी संध्याकाळी धुतलेच आहेत की. पण सकाळी मी कुठे होते?"

गॉर्डनने बिया थुंकल्या आणि अर्ज काढला. शॉनाने कळवल्यावर पॅडिलाचा फोन आला. "लाँड्री, मी सगळं लिहून देतो. नियम मी मोडला, हेही लिहितो. माझं काय करायचं ते करू देत." आणि त्याने खरंच लिहून दिलं. लष्कराच्या या सगळ्या माणसांत ज्याची मला किळस आली नाही, असा तो एक.

दीड वर्षाने लष्कराच्या नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचं उत्तर आलं. गॉर्डन पहिली ओळ वाचून ओरडला, "दुरुस्ती मंजूर!" मग पुढचं वाचून त्याने कागद शॉनाकडे सरकवला. मधल्या काळात लष्कराने लाँड्रीच्या कामाचं नाव बदललं होतं. मंडळाने मोठ्या मनाने तेवढंच दुरुस्त केलं: 'धुलाई, स्नानगृह व वस्त्रदुरुस्ती तज्ज्ञ.'

"म्हणजे आता मी टाकेसुद्धा घालते," शॉना म्हणाली. ती हसली, गॉर्डनही हसला. मला हसू आलं नाही.

तिने सुनावणी मागितली. ती झाली गॉर्डनच्या कचेरीत, भिंतीवरच्या पडद्यावर. पडद्यात मंडळाचे तिघे जण होते. मला शॉनासमोर टेबलावर ठेवलं होतं. मधल्या साहेबांनी सुरुवातीलाच तिच्या देशसेवेबद्दल आभार मानले. ही एक सवय मी या माणसांत पाहिली आहे, काही नाकारायचं असलं की आधी आभार मानायचे.

"पायदळातली लेखी नेमणूक आहे का आपल्याकडे?"

"नव्हतीच, साहेब. लेखी दिली असती तर तुमचाच नियम मोडला असता."

"म्हणजे नेमणूक नव्हती."

"नेमणूक नव्हती. मी होते."

"आम्ही समजू शकतो. पण सार्जंट पॅडिला तुमचे मित्र पडले. तुकडीबाहेरचा साक्षीदार आहे का कुणी? ज्याला तुमच्याविषयी आपुलकी नाही, असा?"

 शॉना टेबलाला हात टेकून, दात आवळून उठली.

"आहेत की. ज्यांच्या घरात मी शिरले, त्या बायका. त्यांना माझ्याविषयी काडीची आपुलकी नाही. त्यांची पोरं भिंतीला लावून उभी केली आम्ही, आणि मी त्यांच्या अंगावरून हात फिरवले. त्या मला मरेपर्यंत विसरणार नाहीत. जा, त्यांना विचारा. ही बाई तुमच्याकडे काय धुवायचे कपडे न्यायला आली होती?"

पडद्यातली एक बाई मान खाली घालून पेन चाळवू लागली. मधले साहेब मात्र शांतपणे म्हणाले, "त्यांचे पत्ते देऊ शकाल?"

गॉर्डनने कपाळावर हात मारला.

"पत्ते?" शॉना म्हणाली. "ती दारं तुमच्याच लष्कराने फोडली, साहेब. पत्ते तुमच्याकडेच असतील."

साहेबांनी पुन्हा एकदा देशसेवेबद्दल आभार मानले आणि पडदा काळा झाला. पुढे निकाल आला. त्यात एक वाक्य होतं, 'अर्जदार साक्षीदारांचे पत्ते सादर करू शकल्या नाहीत.' एवढी मुर्दाड माणसं मी युद्धातही पाहिली नाहीत.

आता मी पुरावा म्हणून प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत आहे, पिशवीवर चिकटपट्टी आणि क्रमांक. मला पुन्हा कुणी गुडघ्याला बांधावं, अशी इच्छा उरलेली नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या आसपास अशी कुणी सेवा करून आलेली बाई असेल, तर तिचे आभार मानून पुढे जाऊ नका. 'तिथे तू काय करत होतीस गं?' एवढं विचारा, आणि तिचं सांगून होईपर्यंत बसा.

शॉना सध्या तिसरा अर्ज लिहिते आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभी राहून लिहिते, कारण खाली बसली की तिला उठवत नाही.