येते हं

इंदूच्या साडीचा काठ कधीच वाळत नाही, हे घरात फक्त माझ्या लक्षात आलं. रुचा झाल्यापासून मला सगळंच दिसतं: जिन्यावरची ओल, गच्चीवरची माकडं, गप्प पोरीकडे बघणाऱ्या शेजारणींचे डोळे.

रुचा तीन वर्षांची होत आली, पण तोंडातून एक शब्द नाही. कान ठीक आहेत, वाट बघा, असं डॉक्टर म्हणाले होते. अशात गंगेच्या ब्रह्मा घाटावर, खालच्या पायरीवर बसलेल्या एका बाईकडे बघून ती खळखळून हसली. रुचाला सांभाळायला मी त्या बाईला, इंदूला, घरीच घेऊन आले.

"मराठी कुठे शिकलीस गं?"

"तुमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या या पायऱ्यांवर भांडताहेत. पाण्यात सगळं ऐकू येतं."

एम.ए.ला मी वेल्सच्या लोककथांवर निबंध लिहिला होता. तिकडे तळ्यातून बायका येतात, संसार करतात आणि नवऱ्याने विनाकारण तीनदा चापट मारली की परत पाण्यात जातात. म्हणून मी सरळ विचारलं, "तुझी अट काय?"

"तीनदा 'जा' कानावर आलं, की मला जावं लागतं."

माझा जीव भांड्यात पडला. "आमच्यात तर निघतानासुद्धा 'येते' म्हणतात."

इंदू रुचाच्या कानाशी पाण्याचा लोटा धरून बसायची. "शब्द आहेत तिच्याकडे," ती म्हणायची. "घरात मराठी, गल्लीत हिंदी. पहिला कुठला काढावा, एवढाच घोळ आहे."

वाळून काडी झालेल्या तुळशीला तिने हात लावला आणि सकाळी पालवी फुटली. सासूबाई हसल्या. "जा गं, काहीतरीच. मीच पाणी घालत होते."

इंदूने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं.

"आई, तिला 'जा' म्हणू नका."

"अगं, तसं 'जा' नव्हे ते."

मी नवऱ्याला, निनादला, बजावायच्या आतच तो जेवताना इंदूला म्हणाला, "गंगेतल्या सगळ्या माशांना नावाने ओळखता? अरे जाओ."

"हिंदीतलं पण धरतात?" मी कुजबुजले.

"गंगा आहे ती," इंदू म्हणाली.

मग मी दिवसभर तोंड सांभाळू लागले. इंदू गेली तर रुचाचा तो पहिला शब्दही तिच्याबरोबर जाईल, ही भीती मला जेवू देईना.

आणि एका सकाळी घाटावर रुचा शेवटच्या पायरीवरून पाण्याकडे वाकली.

"रुचा, मागे जा!"

रुचा मागे झाली. इंदूने तिचा फ्रॉक आधीपासूनच घट्ट धरला होता. तो तिने माझ्या हातात दिला आणि उठली.

"मी तिला म्हणाले, इंदू. तुला नाही."

"पाणी कुठे विचारतं, कुणाला म्हणून."

ती एकेक पायरी उतरू लागली. गुडघे बुडाले, कंबर बुडाली. पलीकडे नाववाला आपला दोर सोडवत होता, त्याने मान वर करूनही बघितलं नाही.

"इंदू, ये," रुचा म्हणाली.

आवाज थोडा घोगरा होता, नवा कोरा.

इंदू वळली. आधी माझ्याकडे बघितलं, मग रुचाकडे, आणि सगळ्या चेहऱ्याने हसली.

"येते हं," ती म्हणाली आणि पाण्याखाली गेली.

रुचाला कडेवर घेऊन मी घाट चढले. रडत होते की हसत, मला सांगता यायचं नाही. गल्लीत गाय आडवी उभी होती. मी 'जा' म्हणणार होते, पण जीभ चावली.

"हटो," रुचा म्हणाली.

गाय हटली.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "कुठे होतात गं दोघी? इंदू कधीची येऊन बसलीय, पदर पिळत."