फेरीनंतरचा आकडा

आईचा नियम असा होता: सव्वापाचला उठायचं, पेलाभर कोमट पाणी प्यायचं, रात्री भिजवलेले मेथीदाणे चमचाभर चावून खायचे आणि साडेपाचला घराबाहेर पडायचं. पुण्यात तिने हा नियम वीस वर्षं पाळला आणि सर्दीपलीकडे कधी आजारी पडली नाही. सत्त्याण्णव साली बाबांच्या कंपनीने त्यांना दिल्लीला आणलं, तेव्हा सामानाच्या ट्रकमागोमाग हा नियमही तिथल्या द्वारका वसाहतीत येऊन दाखल झाला. फरक इतकाच की पुण्यात चढायला टेकडी होती. इथे होता सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना अर्धवट उभ्या इमारती आणि अलीकडे मेट्रोचे खांब.

बाबांना धाप लागू लागली ती दिल्लीतल्या तिसऱ्या वर्षी. डॉक्टरांनी फुफ्फुसांच्या आजाराचं एक लांबलचक नाव सांगितलं, औषधं लिहून दिली आणि म्हणाले, "चलते रहिए." आईने नेमकं तेवढंच उचललं. गेली चार वर्षं उन्हाळा नाही, धुकं नाही, ती बाबांना साडेपाचला बाहेर काढत होती.

रुचिरा ही त्यांची एकुलती एक मुलगी. एम.एस्सी. झाल्यावर ती दिल्लीतच मुनिरकाला खोली घेऊन राहत होती आणि तिथल्याच एका संस्थेत हवेतली धूळ मोजण्याच्या प्रकल्पावर काम करत होती. डिसेंबरातल्या एका शनिवारी दुपारी ती घरी आली ती संस्थेचं यंत्र बॅगेत घालून. विटेएवढं यंत्र, एका नळीने हवा ओढायचं आणि दर घनमीटरला किती मायक्रोग्रॅम बारीक धूळ आहे तो आकडा पडद्यावर दाखवायचं.

"आता माझ्या घरातली जळमटं मोजणार का?" आई म्हणाली.

"सापडली तर ना."

येता येता तिने सोसायटीच्या फाटकाशी यंत्र लावून पाहिलं होतं. दुपारचे दोन, एकशे तीस. दिल्लीच्या मानाने बरं म्हणायचं.

जेवण झाल्यावर तिने सहज म्हणून बाबांची वही उघडली. डॉक्टरांनी एक प्लॅस्टिकची नळी दिली होती. तिच्यात जोराने फुंकलं की काटा सरकतो आणि फुफ्फुसात किती जोर आहे ते कळतं. बाबा फेरीच्या आधी आणि नंतर बाल्कनीत जाऊन फुंकायचे. कुणी बघत असलं की घाई होते म्हणून दार ओढून घ्यायचे. आतून आई विचारायची, "अहो, किती?" बाबा आकडा सांगायचे आणि आई तो वहीत लिहायची. चार वर्षांचे आकडे, दोन रकान्यांत, तिच्या गोल अक्षरात. दर तीन महिन्यांनी डॉक्टर ही वही चाळायचे, "नंबर तो बढ़िया हैं" म्हणायचे आणि तेच औषध चालू ठेवायचे.

रुचिराने दहा पानं वाचली, मग आणखी दहा. फेरीनंतरचा आकडा दर वेळी आधीपेक्षा दहाने किंवा वीसने जास्त होता. एकदाही कमी नाही. ताप येऊन गेला त्या आठवड्यात नाही, दिवाळीनंतरच्या धुरात नाही. तिने वही मिटली. शरीर इतकं शिस्तीत वागत नाही, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीही त्यांच्याबरोबर निघाली. निघण्याआधी बाबांनी बाल्कनीतून "दोनशे सत्तर" असं सांगितलं होतं. रस्त्यावर धुकं नव्हतं, धूरच होता. रात्रभर शहरात शिरलेले ट्रक परत जात होते. बांधकामावरच्या चौकीदारांनी शेकोटी पेटवली होती आणि त्यात टायरचा तुकडा होता. तिथेच सुभेदार धोंडीराम खोत हात शेकत उभे होते. पलटणीतून निवृत्त होऊन जवळच पालमला घर केलेला साताऱ्याचा माणूस.

"या पद्माकरराव. आज कुमक घेऊन आलात?"

"लेक आहे," बाबा म्हणाले. त्याहून जास्त बोलायला दम नव्हता.

"पोरी, बापाला असंच चालवत राहा. पहाटेची हवा म्हणजे धारोष्ण दूध."

रुचिराने बॅगेतलं यंत्र काढून पाहिलं. सहाशे दहा.

घरी येताना बाबा तीनदा थांबले. आई दर वेळी थोडी पुढे जाऊन उभी राहायची, मागे वळून पाहायची नाही. त्यांना ओशाळं वाटू नये म्हणून. घरी आल्यावर बाबा बाल्कनीत गेले आणि दार लागायच्या आत रुचिरा त्यांच्यामागे शिरली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नळी खाली ठेवायचा विचार केला असावा, पण शेवटी फुंकलं. काटा एकशे साठवर थांबला.

"अहो, किती?" आतून आवाज आला.

"दोनशे ऐंशी," बाबांनी खणखणीत सांगितलं आणि मग बराच वेळ खोकत राहिले.

खोकला थांबल्यावर ते स्टुलावर बसले. "तुला कधी कळलं?"

"काल. वहीत एकदाही आकडा खाली येत नाही, बाबा."

"हं. आमच्या प्लँटवर कुणी असा रिपोर्ट आणला असता तर मीच परत पाठवला असता." ते किंचित हसले. "थोडं खाली-वर करायला हवं होतं."

"पण का?"

"वही सुरू व्हायच्या आधी, पहिला महिना खरं सांगत होतो. रोज कमीच यायचा. ती रडायची नाही गं, पण जेवायची नाही. मग एक दिवस वीस वाढवून सांगितले. त्या दिवशी तिने शिरा केला."

"डॉक्टरांना तरी सांगायचंत."

"वही तिच्या हातात असते. ती समोर बसलेली असताना काय सांगू?"

रुचिराला वाटलं, आपण गप्प बसलो तर पुढच्या तीन महिन्यांनीही डॉक्टर वही चाळतील आणि तेच औषध लिहितील. ती दाराकडे वळताच बाबांनी मान हलवली, नको म्हणून. ती आत गेली.

"आई, एकशे साठ आले. रोज असेच येत होते. बाबा वाढवून सांगायचे."

आईचा हात वहीवर तसाच राहिला. बाबा दारात उभे होते. त्यांच्याकडे तिने पाहिलं नाही. लिहिलेले दोनशे ऐंशी तिने एका रेघेने खोडले आणि वर एकशे साठ लिहिले.

"मग उद्यापासून पाचला उठू," ती म्हणाली. "दोन फेऱ्या वाढवू."

रुचिराला हसू यावं की रडू, कळेना. तिने यंत्र टेबलावर ठेवलं. "काल दुपारी इथे एकशे तीस होते. आज पहाटे सहाशे दहा. थंडीत रात्रभर जमीन गार पडते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि सगळा धूर खाली कोंडून राहतो. उन्हं तापली की झाकण उघडतं. दिवसातली सगळ्यात वाईट हवा पहाटेचीच असते."

"पहाटेची हवा?"

"हो."

"पुण्यात आपण वीस वर्षं..."

"पुण्यात आपण टेकडी चढायचो. धूर पायाखाली राहायचा."

आई यंत्राकडे पाहत म्हणाली, "ते नको म्हणायचे. रविवारी तरी झोपू दे म्हणायचे. मी पांघरूण ओढून काढायचे."

"सुनेत्रा, पुरे," बाबा म्हणाले.

गुरुवारी ते डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी मोठ्या यंत्रावर तपासणी केली आणि कागद दोनदा वाचला. "जो गया, वो वापस नहीं आएगा," ते म्हणाले. "दो साल पहले पता चलता तो..." वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. औषधं बदलली, पुढेमागे घरी ऑक्सिजन ठेवावा लागेल म्हणाले आणि थंडीभर सकाळी बाहेर काढू नका असं बजावलं. आईच्या मांडीवर वही होती. ती तिने उघडलीच नाही.

शुक्रवारी संध्याकाळी रुचिरा पुन्हा घरी आली. शनिवारी सव्वापाचला तिला स्वयंपाकघरातला दिवा दिसला. आई सवयीने उठली होती. कोमट पाण्याचा पेला टेबलावर होता, मेथीदाणे वाटीत होते आणि आई हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. खिडक्या घट्ट बंद होत्या. बाल्कनीच्या दाराच्या फटीत तिने ओला टॉवेल खुपसला होता.

खालून सुभेदारांची हाक आली. "पद्माकरराव, आज पलटण झोपली का?"

थोड्या वेळाने त्यांच्या काठीचा टकटक आवाज दूर गेला.

"घरात ठीक आहे ना?" आईने विचारलं. "मोजून बघ. त्यांच्या उशाशी बघ."

रुचिरा यंत्र घेऊन आतल्या खोलीत गेली. बाबा जागे होते, दोन उशांना टेकून बसलेले. तिने यंत्र त्यांच्या उशाशी धरलं. पंप कुरकुरला आणि आकडा चढत जाऊन स्थिरावला. पाचशे चाळीस. तिने नळी पुसून पुन्हा मोजलं. पाचशे पस्तीस. इतकी बारीक धूळ बंद खिडकीला जुमानत नाही, हे तिने संस्थेत कितीदा तरी पाहिलं होतं. फक्त या खोलीत पाहिलं नव्हतं.

"किती गं?" स्वयंपाकघरातून आवाज आला. वही उघडल्याचाही आवाज आला.

रुचिराने यंत्र बंद केलं. "त्रेसष्ट."

"नक्की?"

"थांब, परत बघते." तिने मनात दहापर्यंत मोजलं. "आता एकोणसत्तर. थोडं खाली-वर होतं."

"दोन्ही लिहिते," आई म्हणाली. खुर्ची सरकली. थोड्या वेळाने डबा उघडला आणि तुपात रवा भाजल्याचा वास आला.

बाबा यंत्राच्या काळ्या पडद्याकडे पाहत होते. "खरा किती?" त्यांनी हळूच विचारलं.

"पाचशे चाळीस."

त्यांनी मान डोलावली, जणू अपेक्षित रिपोर्ट हाती आला होता, आणि पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं.