नीकेचा डावा पंख

विजयदेवता नीकेच्या मूर्तीचा सोन्याचा डावा पंख वितळवला आणि त्याची नाणी पाडली. छे, असं काही झालंच नाही. अथेन्सच्या जनसभेचा ठरावच तसा होता: लढाईसाठी देवीकडून सोनं उसनं घेतलंय, देवी आहे तश्शी आहे.

डेक्सिथेओसच्या घरचा ठराव त्याहून कडक होता. तो पंख त्याच्या बापाने घडवलेला. म्हातारा स्मिक्रोस आता आंधळा होता आणि उठता-बसता म्हणायचा, "तो पंख वर आहे तोवर मी खाली जिवंत आहे." म्हणून सुनेने, मिकाने, आळीभर बजावलं होतं की पंख जागेवर आहे. आळीही अशी इमानी, की एका शेजाऱ्याने तो परवा फडफडतानाही पाहिला.

डेक्सिथेओस टांकसाळीत होता. त्या दिवशी मजुरीत त्याला मसुराएवढं सोन्याचं नाणं मिळालं. अथेन्समध्ये चिल्लर सगळेच गालात ठेवतात, त्यानेही ठेवली. आणि विसरला.

जेवताना त्याच्या दातांखाली कट्‌ आवाज झाला.

"सूनबाई, मसूर कच्चे राहिले वाटतं," म्हातारा म्हणाला.

"माझे मसूर? कच्चे?" मिका नवऱ्यावर उखडली. "काढा बाहेर, बघू तो कच्चा मसूर!"

"गिळला," डेक्सिथेओस म्हणाला. पण शब्द बोबडा आला.

"थुंक," म्हाताऱ्याने हात पुढे केला.

त्याने नाणं चाचपलं, चावून पाहिलं. मिकाने डोळे मिटले.

"आपल्या डोंगरात चांदी निघते," म्हातारा सावकाश म्हणाला. "सोनं एकाच बाईच्या अंगावर होतं. पंख कुणी उतरवला?"

"मी, बाबा."

"कापलास?"

"नाही. एक खिळी ओढली आणि पंख हातात आला. ओरखडासुद्धा नाही. ऊन त्याच्यावर पडलं आणि खाली जमलेल्या सगळ्यांची तोंडं सोन्याची झाली. सेनापती, मासेवाल्या, गाढवंसुद्धा. कुणी खोकलं नाही. मुशीत घातला तेव्हा शेवटपर्यंत एक पीस तरंगत राहिलं. माझ्याने विस्तव फुंकवेना."

म्हाताऱ्याने नाणं अंगठ्याने पुसलं. मग त्याच्या ओल्या डोळ्यांत हसू आलं.

"खिळी मीच सैल ठेवली होती रे. अडीनडीला उतरवता यावा म्हणूनच तर तो घडवला. चाळीस वर्षं वाटायचं, खिळी गंजली असेल." त्याने नाणं आपल्या गालात ठेवलं. "घे, लिही."

डेक्सिथेओसने खापरीवर लिहून घेतलं:

"माननीय जनसभेस स्मिक्रोसची विनंती. विजय मिळताच नीकेचा पंख पूर्ववत करावयाचा आहे. तरी ही नाणी ज्यांच्या गालात असतील अशा सर्व नागरिकांनी, वल्हेकऱ्यांनी, जहाजांसाठी लाकूड विकणाऱ्या परक्या राजांनी व शत्रूंनी ती धुऊन देवीच्या पायाशी जमा करावीत. पिसे एकशे अठरा आहेत. प्रत्येक पिसाची वेगळी पोच मिळावी."