मागच्या सीटचा पॉइंट

मित्रांनो, मी एक जुना चार्जिंग पॉइंट आहे. लांबच्या प्रवासाला काढायच्या एका दणकट मोटारसायकलवर, मागच्या सीटच्या बगलेला, रबरी टोपणाखाली माझा मुक्काम असतो. गोल तोंड, आत पत्र्याची भिंत, तळाशी पितळेची एक पट्टी, एवढाच माझा देह. मला वीज देता येते, पण ओरडता येत नाही. हे दुःख किती मोठं आहे ते कुणाला तरी सांगावं, म्हणून आज हे टोपण उघडलं आहे.

आमच्या घराण्याचं मूळ काम ऐकाल तर हसाल. मोटारीत बसून सिगारेट ओढणाऱ्यांना ती पेटवून देणं, हा आमचा पिढीजात धंदा! पुढे लोक आमच्यात फोनच्या पिना खुपसू लागले आणि कुळाला बरे दिवस आले. मी तर कारखान्यातून निघालो तो थेट मोटारसायकलवर लागलो. तेव्हा माझी जागा पुढे, हँडलखाली, मीटरच्या शेजारी होती. समोर रस्ता, तोंडावर वारा! काय तो माझा रुबाब!

गाडी काकांची. सगळी गल्ली त्यांना काका आणि त्यांच्या बायकोला काकू म्हणते, म्हणून मीही तेच म्हणतो. काकूंनी मागे बसून रस्ता सांगायचा आणि काकांनी गाडी चालवायची, असा त्यांचा संसार. काकू रस्ता बरोबर सांगायच्या, काका चुकीचा धरायचे आणि वर ठासून म्हणायचे, "हाच जास्त छान आहे." माझ्यावर फोन चार्ज व्हायचा, चाकात हवा भरायचा छोटा पंप चालायचा. पंप थांबला की काका माझ्या टोपणावर थाप मारायचे, "शाब्बास रे पठ्ठ्या!" मी दिवसभर फुगून असायचो.

एकदा मात्र फजिती झाली. तेव्हा मी थेट बॅटरीला जोडलेला होतो. गाडी बंद असली तरी मी आपला चालूच. एका मुक्कामी काकांनी माझ्यावर दिवा लावला आणि तो विसरून ते घोरत पडले. सकाळी बॅटरी ठार! सेल मारावा तर गाडी हूं की चूं करेना. काकूंनी हेल्मेट घालून चढावर गाडी ढकलली आणि ढकलता ढकलता काकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेव्हापासून काकांनी कानाला खडा लावला. गाडी थांबली रे थांबली की चावी बंद, आणि चावी खिशात. चहाला थांबोत, फाटकापाशी थांबोत, म्हशी रस्ता ओलांडेपर्यंत थांबोत, हात आपोआप चावीकडे जायचा.

पुढे काकूंच्या फुप्फुसांनी हात टेकले. जिना चढताना धाप लागायची, मग बोलतानाही लागू लागली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं. खांद्याला अडकवायच्या पिशवीत मावेल एवढं, घुंघुं आवाज करणारं, आणि त्यातून नाकापर्यंत जाणारी एक बारीक नळी. मशीनला स्वतःची बॅटरी होती, पण ती तासन्‌तास पुरणारी नव्हती. तिला कुठून तरी वीज मिळायलाच हवी होती. काका गुपचूप गाडीवर कापड टाकून आले.

काकूंनी ते खिडकीतून पाहिलं. "कापड काढा ते," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड करून नुसता श्वास घेत बसायचं असेल, तर तो श्वास मला नको. मला गाडीवर न्या."

"अगं, पण मशीन?"

"मशीनलाही न्या. त्याने तरी कुठे जग पाहिलंय?"

म्हणून काका काकूंना मागे बसवून गाडी घेऊन वायरिंगवाल्याकडे गेले. गाड्यांच्या वायरी जोडण्यात त्या माणसाची उमर गेली होती. त्याने मला स्क्रू काढून बाहेर ओढलं, माझी वायर चिमटीत धरली आणि तोंड वाकडं केलं. "ही दोऱ्यासारखी वायर फोनला ठीक आहे. मशीन लावाल तर तापून वितळेल."

मग त्याने डबा उघडून निरनिराळे पॉइंट मांडले. फोनपुरते चपटे तोंडाचे होते, ते त्याने स्वतःच बाजूला सारले. एक बारका होता, पिन घट्ट धरून ठेवणारा, खड्ड्यांतही न सुटणारा. माझं धाबं दणाणलं. पण मशीनची पिन माझ्याच मापाची निघाली. शेवटी ठरलं असं की पॉइंट जुनाच ठेवायचा, पण मागच्या सीटजवळ न्यायचा आणि बॅटरीपासून जाड वायर, वेगळा फ्यूज द्यायचा. धक्क्यांनी पिन सुटू नये म्हणून काकूंनी आपला केसांचा रबर काढून माझ्या गळ्यात बांधला. दागिना मिळाल्यासारखं वाटलं मला!

"आता एक सांगा," वायरिंगवाला म्हणाला. "कायम चालू ठेवू, की चावीबरोबर बंद होणारा करू?"

"चावीबरोबर!" काकांनी विचारसुद्धा केला नाही. "एकदा ढकलली तेवढी पुरे."

"मग गाडी बंद केली की मशीन स्वतःच्या बॅटरीवर जाईल, बरं का. तेवढं लक्षात ठेवा."

"लक्षात ठेवायला ही आहे की मागे," काका हसत म्हणाले. काकूही हसल्या. मी मात्र हसलो नाही. चावीचा हुकूम म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं होतं. पण माझं कोण ऐकतं?

आणि मित्रांनो, ती वेळ आलीच.

घाटाचा रस्ता होता. आदल्या मुक्कामी काकांनी मशीन भिंतीला लावलंच नव्हतं. "गाडीवर होतंय की चार्ज," म्हणाले. होत होतं, पण गाडी चालेल तेवढंच. आणि काका तर वळणावळणाला थांबून फोटो काढत होते. दर वेळी चावी बंद, दर वेळी मी मुका. पुढे एका वळणावर दरड कोसळलेली. गाड्यांची ही रांग! काकांनी चावी बंद केली, निळ्या जॅकेटच्या खिशात टाकली आणि हेल्मेट हँडलला अडकवलं. "तू बस, मी जरा बघून येतो," म्हणाले. जिथे कुठे काही अडलं असेल तिथे जाऊन चार माणसांना शहाणपण शिकवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. गेले!

मशीन आपल्या बॅटरीवर गेलं. थोड्या वेळाने ते टीं टीं करू लागलं. पण ते पिशवीत होतं आणि चारी बाजूंनी हॉर्न बोंबलत होते. काकूंना ते कळलं तेव्हा मशीनचा आवाज थांबला होता. त्यांनी पिन दाबून पाहिली, रबर घट्ट केला. "अहो," त्या म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "अहो." दुसरी हाक त्यांच्याच कानापर्यंत पोचली नसेल.

काय सांगू मित्रांनो! पिन माझ्या तोंडात, जाड वायर माझ्या पाठीला, फ्यूज शाबूत, सीटखाली बॅटरी काठोकाठ भरलेली, आणि माझ्यात विजेचा टिपूस नाही! ताट वाढलेलं आहे, भुकेलेला समोर आहे आणि हात बांधलेले आहेत, असं ते झालं. काकूंच्या ओठांचा रंग उतरत चालला होता. त्यांची बोटं माझ्या टोपणावर होती, गार पडलेली. मी आतून जीव तोडून ओरडत होतो, अरे कुणीतरी बघा, तिला थकवा नाही आला, तिचा श्वास कोंडतोय! बाजूने माणसं जात होती. बाई पुढे वाकून डुलकी काढते आहे असं त्यांना वाटलं असावं. एकाने तर त्यांच्या शेजारी गाडीला टेकून फोटो काढला.

मागच्या ट्रकचा ड्रायव्हर तेवढा खाली उतरला. "मावशी, काय होतंय?" काकूंनी मान उचलली नाही, फक्त हात लांब करून चावीच्या रिकाम्या भोकाकडे बोट दाखवलं. त्याने नळी पाहिली, मशीन पाहिलं, आणि तो धावत सुटला. "निळ्या जॅकेटवाले! मोटारसायकलवाले! चावी आणा, चावी!"

काका आले ते ठेचकाळत. घाईघाईत चावी भोकात जाईना. ड्रायव्हरनेच त्यांचं मनगट धरून ती बसवली. खट्! वीज आली आणि मी ती अंगातली सगळी रग लावून पुढे ढकलली. मशीन घुंघुं करू लागलं. काकू मात्र तशाच. काका त्यांचे हात चोळत होते. "अगं बोल ना. शिव्या दे, पण बोल." खूप वेळाने काकूंनी एक लांब श्वास घेतला, मग दुसरा, आणि काकांनी पिन पुन्हा एकदा दाबून पाहिली.

"काका," ड्रायव्हर म्हणाला, "रस्ता कुठे अडला ते बघायला गेलात आणि माणूस मागे ठेवलंत?"

तिथूनच ते माघारी फिरले. घरी आल्यावर सगळा राग निघाला तो माझ्यावर. "पॉइंटच दगाबाज," काका ज्याला त्याला सांगत सुटले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! गाडीवर पुन्हा कापड पडलं. काकूंचं मशीन भिंतीला लागलं आणि काकूही. आतून त्या विचारायच्या, "कोपऱ्यापर्यंत तरी?" काका म्हणायचे, "नाव काढू नकोस." पुढे पुढे त्यांनी विचारणंच सोडलं. माझ्या तोंडात धूळ साचली, रबर वाळून चिरला. घुंघुं आवाज भिंतीतून ऐकू यायचा आणि मला रडू फुटायचं. काकू श्वास घेत होत्या, पण त्यांचा आवाज मला येईनासा झाला होता.

एके दिवशी कापड निघालं. गाडी बघायला गिऱ्हाईक आलं होतं, एक तरतरीत मुलगी. तिने गाडीला फेरी मारली, चावी हातात घेतली आणि माझ्यापाशी वाकली. "हा एवढ्या जाड वायरचा पॉइंट कशासाठी हो काका?"

काका खाली बघत म्हणाले, "मोबाईलसाठी."

"मोबाईलसाठी कसला! माझ्यासाठी आहे तो."

दारात काकू उभ्या होत्या. खांद्याला पिशवी, नाकात नळी आणि डोक्यावर हेल्मेट. "पोरी, गाडी घ्यायच्या आधी एक फेरी मारून बघतेस ना? मग मला मागे बसव."

"वेड लागलंय का तुला?" काका किंचाळले. "त्या दिवशी तुझा श्वास…"

"त्या दिवशी घटकाभर अडकला होता," काकू म्हणाल्या. "तुम्ही तेव्हापासून रोज अडकवून ठेवलाय."

काकू पायरीपायरीवर थांबत खाली आल्या, सीटवर चढल्या आणि फुंकर मारून त्यांनी माझी धूळ उडवली. श्वासाला महाग झालेली बाई ती! पिन माझ्यात बसली. काकांनी ओला चेहरा पुसला. मग त्यांनी मुलीपुढे हात पसरला. "दे ती चावी."

ते पुढे बसले. "नीट धर."

"धरलंय हो. तुम्ही आधी सुरू तर करा!"

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा ती मुलगी मागून ओरडली, "अहो काका, मग गाडी विकायची आहे की नाही?" कुणी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. मी कामात होतो.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ज्याच्यावर जीव आहे त्याला जपा, पण कापडाखाली झाकून ठेवू नका. त्याला खुशाल बरोबर न्या, लांब लांब न्या. आणि वाटेत कुठे थांबलात, तर पुढे काय अडलंय ते नंतर बघा. आधी मागे वळून बघा.