उपाशी जावई

तिनं उंदराला मानेपाशी धरून उलटं केलं आणि पोटाखाली बोट फिरवलं. गाठ होती. चांगली सुपारीएवढी, बोटाखाली सरकणारी.

“हा कुठला, मामा?”

“जावई,” मामा म्हणाले.

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणाऱ्या मामांनी दोन्ही बाजूंच्या पिंजऱ्यांना नावं दिली होती. डावीकडचे कामगार, त्यांच्या खाण्यात साठवणीच्या धान्याला लावायची पावडर मिसळलेली असे. उजवीकडचे जावई, त्यांना पावडर नाही, तुलनेपुरतं नुसतं खायचं आणि लोळायचं. आणि गाठी निघत होत्या त्या या जावयांना. कामगारांमध्ये अगदी मोजक्या.

तिनं उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि दातओठ खात हात धुतले. तिचा नवरा ही पावडर बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता आणि पोटातल्या गाठीनं गेला. पावडरीच्या तपासणीचं काम इथे आलं तेव्हा नवऱ्याबद्दल ती तोंड मिटून बसली. बोलली असती तर ते तिच्या हातून काढून घेतलं असतं. त्या कारखान्याला मातीत घालायचं, एवढ्या एका गोष्टीवर ती जगत होती. आणि आता हे असं.

कारखान्याचे साहेब दुपारी आले ते हसतच.

“काय मॅडम, आमची पावडर तर गाठी आवरतेय म्हणे! पाकिटावर छापून टाकू का?”

तिला त्यांचं थोबाड फोडावंसं वाटलं. याच साहेबांनी नवऱ्याच्या पाठीवर थाप मारली होती, ‘बारीक झालास रे, तब्येत सुधारली!’ म्हणून. त्याची बायको कोण, हे विचारायची गरज त्यांना कधी पडली नव्हती.

साहेबांना दाखवायला तिनं कामगारांपैकी एक उचलला. एरवी ती गाठ शोधत सरळ पोटाकडे जायची. आज अंगठा पाठीवरच राहिला. कण्याचा एकेक मणी हाताला लागत होता. नवऱ्याला अंघोळ घालताना असाच लागायचा. ताट सरकवून तो म्हणायचा, “सगळं कडू लागतंय गं.”

वजनांचे आकडे तिच्यासमोर होतेच की. गाठींच्या मागे लागून तिनं त्यांच्याकडे धड पाहिलंच नव्हतं.

“मामा, यांचं खाणं उरतं का?”

“उरतं म्हणजे? निम्मं तसंच असतं. तोंड लावतात आणि फिरवतात. जावई बघा, भांडं चाटूनपुसून साफ.” मामांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. “तुमचंही तेच. रोज निम्मा डबा परत नेता.”

ती साहेबांकडे वळली.

“गाठी पावडरीनं नाही आवरल्या, साहेब. उपासमारीनं आवरल्या. खाऊन खाऊन लठ्ठ झालेल्या उंदरांना त्या पावडरीशिवायही होतात. आता नवीन उंदीर आणायचे. कामगार जेवढं खातील तेवढंच जावयांना घालायचं. मग बघू, गाठी कुणाला जास्त येतात.”

“किती दिवस लागतील?”

“एका उंदराचं आयुष्य.”

“आणि तोवर आमचा माल?”

“गोदामात. सही माझी लागते ना?”

साहेबांचं हसू मावळलं. तिनं ते शेवटपर्यंत मावळू दिलं आणि मग दार उघडून धरलं.

नवीन खेपेतले जावई बघता बघता हाडकले. मामा खाणं मापून टाकत, ते क्षणात फस्त होई, आणि मग सगळे जाळीला नाकं लावून उभे राहत.

“बाई, चिमूटभर जास्त टाकू का? यांनी कुणाचं काय वाईट केलंय?”

तिनं एकाला उचलून पाहिलं. कणा हाताला लागू लागला होता.

“नको,” ती म्हणाली.

“जीव तुटतो हो.”

“तुटू दे.”

एरवी ती डबा तिथेच टेबलावर उघडायची. त्या दुपारी उंदरांना वास जाऊ नये म्हणून जिन्यात जाऊन बसली. कित्येक महिन्यांनी तिला सडकून भूक लागली होती. तिनं डबा चाटूनपुसून संपवला.