बारा पॉइंट, एक्का नाही

माझे सासरे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून काटे तपासण्यात त्यांची सगळी हयात गेली, आणि निवृत्त झाल्यावर ब्रिज खेळतानाही त्यांनी तो काटा खाली ठेवला नाही. एक्क्याचे चार पॉइंट, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. तेरा भरले तर ओपन करायचं, म्हणजे पहिली बोली लावायची, नाहीतर पास. बारा असतील आणि एखादा रंग लांब असेल तर एक वेळ विचार करू. पण बारा पॉइंट आणि पत्ते चार-तीन-तीन-तीन असे सगळ्या रंगांत सारखे विभागलेले, म्हणजे त्यांच्या लेखी तो हातच नव्हे. "दिसायला भरलेलं पोतं, आत भुसा," असं म्हणायचे.

मी त्यांची पार्टनर. लग्न होऊन आले तेव्हा घरात चौथा गडी नव्हता, म्हणून मला बसवलं ते बसवलंच. एका बाजूला नवरा आणि धाकटा दीर, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मी, दर रविवारी दुपारी. मला पास म्हणायचा मनापासून कंटाळा. बारा पॉइंट आले की माझी जीभ वळवळायची. मग ओपन करून मी तोंडावर आपटले की पत्ते गोळा करता करता बाबा मला धारेवर धरायचे. सूनबाई मात्र कधी म्हणाले नाहीत. "पार्टनर, त्या दोघांना हवं तितकं फसव. पण मला खोटं सांगू नकोस. तू ओपन केलंस की मी तेरा धरून चालतो. आणि मी ओपन केलं आणि तुझ्याकडे सहा पॉइंट असले, तर गप्प बसायचं नाही. उत्तर द्यायचंच."

मागच्या वर्षी घशाच्या कॅन्सरमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आवाज गेला तो गेलाच. गळ्यात दोरीला एक छोटी पांढरी पाटी आली आणि खिशात पेन. त्याच आठवड्यात दिरानं बिडिंग बॉक्स आणले. त्यात बोली छापलेली कार्डं असतात, तोंडानं बोलायच्या ऐवजी कार्ड काढून टेबलावर ठेवायचं. पासचं कार्ड हिरवं. रविवारची दुपार आली की आम्ही चौघंही मुके, त्यामुळे तेवढा वेळ बाबा आमच्या बरोबरीचे. दिराला एरवी मी येताजाता टोमणे मारते, पण त्या दिवशी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

पुढे गाठ परत आली. डॉक्टरांनी मुलांना आत बोलावलं, मीही मागून शिरले. बाबा बाहेर बाकावर बसून राहिले.

"ऑपरेशन करता येईल," डॉक्टर म्हणाले, "पण त्यातून उठण्याची शक्यता शंभरात चाळीस धरा. उठले तर दोन-तीन वर्षं बरी जातील. नाही केलं तर काही महिने, आणि शेवटचे फार त्रासाचे."

"तुम्ही काय केलं असतं?" दिरानं विचारलं.

"दोन्ही बाजूंनी बोलता येईल अशी केस आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे त्यांनीही हात वर केले.

जिन्यात नवऱ्यानं निकाल देऊन टाकला. "बाबा असा हात कधी उघडत नाहीत. जन्मभर पाहिलंय आपण. नको ऑपरेशन."

"त्यांना विचारा तरी," मी म्हटलं.

"विचारायचं म्हणजे उरलेले दिवस त्यांच्या जिवाला घोर. तू मध्ये पडू नकोस. तुला पास म्हणता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण मी गप्प बसले. बाप त्यांचा होता.

बाकावर बाबांनी पाटी पुढे केली. "काय म्हणाले?" नवरा म्हणाला, "सगळं ठीक आहे. गोळ्या बदलल्यात फक्त." गाडीत त्यांनी पाटी पुन्हा पुढे केली, तेच उत्तर मिळालं. घरी जेवण झाल्यावर पुन्हा एकदा. नवरा हसून म्हणाला, "अहो बाबा, सांगितलं ना, ठीक आहे सगळं." बाबांनी पाटी पुसली आणि नवीन गोळ्यांचं पाकीट उजेडात धरून उलटसुलट वाचलं. माप मारणाऱ्या दुकानदाराकडे ते असेच पाहत असणार. त्या गोळ्या नुसत्या दुखणं दाबायच्या होत्या. मग त्यांनी मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी उठून भांडी घासायला गेले. आधीच घासलेली होती, तीच पुन्हा घासली.

रविवारी पत्ते बाबांनी वाटले, म्हणून पहिली बोली त्यांची. त्यांनी हातातले पत्ते रंगवार लावले, बराच वेळ पाहिले. एवढा वेळ ते कधी घेत नसत. बोटं हिरव्या कार्डापाशी गेली, थांबली, आणि त्यांनी टेबलावर ठेवलं एक किलवर. नवऱ्यानं पास टाकला. माझ्याकडे एक एक्का आणि एक राजा, सात पॉइंट. उत्तर देणं भाग होतं, मी एक नो-ट्रम्प, म्हणजे बिनहुकमाची बोली, ठेवली. सगळे पास. खेळायचं माझ्यावर आलं, आणि पहिलं पान पडल्यावर बाबांनी नियमाप्रमाणे आपला हात टेबलावर उघडा मांडला.

दोन राजे, दोन राण्या, दोन गुलाम. एक्का एकही नाही. चार-तीन-तीन-तीन.

दीर आधी हसला. "बाबा! हे काय? ह्यावर वहिनीला तुम्ही उलटं टांगलं असतं."

बाबा हसले नाहीत. पत्त्यांकडे बघतही नव्हते, माझ्याकडे बघत होते. मोजण्यात त्या माणसाची चूक झाली असेल असं मला क्षणभरही वाटलं नाही.

जिंकायच्या सात दस्तांत एक कमी पडून मी बुडाले. दिराला हिशेबाची भारी हौस. त्यानं लगेच चारही हात तपासले. "गंमत म्हणजे बाबांनी पास केलं असतं तर बदामात आम्ही जास्त कमावलं असतं. तुम्ही बुडालात, पण स्वस्तात."

चहा करायला मी उठले तर मागोमाग बाबा स्वयंपाकघरात. दार त्यांनी पाठीमागे लोटलं आणि पाटीवर लिहिलं, "मी ओपन केलं. पार्टनर, उत्तर दे."

मी सांगितलं. सगळं सांगितलं, चाळीसचा आकडाही. सांगताना मला रडू आलं, नवऱ्याचा राग आला, आणि लाजही वाटली, की हे त्यांना पत्त्यांवाटे मागावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. पाटी पुसून लिहिलं, "बाराच पॉइंट आहेत." खाली लिहिलं, "पण हात माझा आहे." आणि मग खरंच हसले. आवाज नसलेलं हसू, फक्त खांदे हलले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर डॉक्टरांकडे गेले आणि सही करून आले. नवरा दोन्ही हातांनी डोकं धरून बसला. मला म्हणाला, "झालं समाधान?"

ऑपरेशनमधून बाबा शुद्धीवर आले नाहीत. दोन दिवस यंत्रावर होते, मग तेही थांबवलं.

घरी आलेले लोक म्हणाले, सुटले. दीर एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वहिनी, नाहीतर फार हाल झाले असते." म्हणजे बुडालो, पण स्वस्तात. हिशेब बरोबर आहे, मला मान्य आहे. पण त्यांची खुर्ची जेवणाच्या टेबलाशी तशीच असायची आणि ती बघवायची नाही. मी ओपन केलं, मीच बुडवलं, असं मनात येत राहायचं. नवरा कामापुरतं बोलायचा. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडण मला जमतं.

मग एका रविवारी दुपारी तो बाबांच्या खुर्चीत येऊन बसला. पत्ते पिसत राहिला, वाटले नाहीत.

"तू सांगितलंस तेव्हा ते काय म्हणाले?"

"हसले," मी म्हटलं.

"घाबरले नाहीत?"

"नाही. हात माझा आहे, असं लिहिलं."

त्यानं बिडिंग बॉक्स पुढे ओढला आणि हिरवी कार्डं एकेक करून टेबलावर ठेवली. एक बाकावरचं, एक गाडीतलं, एक जेवणानंतरचं.

"माझा बाप मला तीनदा विचारत होता," तो म्हणाला. "मी तिन्ही वेळा पास केलं."

मी त्याच्या समोरच्या, पार्टनरच्या खुर्चीत जाऊन बसले.